आप्पांच्या विहिरीतली दोघं

४ मे २०२४, शनिवार

आणली एकदाची! दोनच. आप्पांच्या विहिरीत एवढीच उरली होती.

सकाळी सोमेशचा फोन. माझा धाकटा भाऊ, गावाकडचं शेत तोच बघतो. म्हणाला, आक्का, सोमवारपासून विहिरीत सुरुंग उडवणार, अजून खोल घेणार, तुला मासे बघायचे असले तर आजच ये. बघायचे म्हणे! मी झाकणाची बादली घेऊनच मुरुमहून निघाले. विहिरीत वाकून बघितलं. लहानपणी आम्ही जिथं काठावरनं उड्या टाकायचो तिथं नुसता गाळ, आणि मधोमध परातीएवढं डबकं. गाळ उपसायला लावलेल्या यारीवरची माणसं म्हणाली, बाकीचे मासे कालच कालवणात गेले. ते मासे कुणाचे होते हे त्यांना कुठून माहीत असणार.

सोमेश स्वतः खाली उतरला आणि ओंजळीनं ही दोघं धरून बादलीत टाकली. डोक म्हणतात आमच्याकडं ह्या माशाला. मरळीचा गरीब भाऊबंद, वीतभरच वाढतो. डोकं सापासारखं, अंग मातकट, पण परांना निळा-नारिंगी काठ, इरकल लुगड्याला असतो तसा.

आमचं घर लिंगायताचं. मासा कधी ताटात आला नाही, पण विहिरीत पाहिजेच! आप्पा, म्हणजे माझे वडील, मासा नसलेल्या विहिरीचं पाणी तोंडात घेत नसत. पाहुण्यांच्या गावाला गेले तरी आधी विहिरीत वाकून बघायचे. मासा हललेला दिसला तरच तांब्या बुडवायचे. आमची विहीर पाडली तेव्हा आज्याच्या जुन्या विहिरीतले मासे घागरीतनं आणून सोडले होते. तोवर आव्वानं, म्हणजे आईनं, त्या पाण्यात डाळ शिजवली नाही. त्याच माशांच्या वंशातली ही शेवटची दोघं.

तर काम एवढंच. विहिरीला पाणी येईपर्यंत ह्यांना जगवायचं आणि परत नेऊन सोडायचं. ही मेली तर आप्पांच्या विहिरीतलं काहीच उरणार नाही.

हे बादलीत डोकावले आणि म्हणाले, "जे ताटात चालत न्हाई ते घरात कसं चालतंय?" जन्मभर सोसायटीचे सेक्रेटरी होते, अजून प्रत्येक गोष्टीला ह्यांची मंजुरी लागते! मी बादली उचलून न्हाणीजवळ नेली.

५ मे, रविवार

आज जे झालं ते लिहायची लाज वाटते, पण हसूही आवरत नाही.

दोघांना कपडे भिजवायच्या टबात ठेवलं होतं, न्हाणीजवळ. अंगणात जुन्या लुगड्यावर कुरडया घातलेल्या, अजून ओल्याच होत्या. मी पूजेची फुलं तोडून येते तर टबात एकच! सगळीकडं शोधलं. मोरीत नाही, कुंड्यांच्या मागं नाही. आणि बघते तर हा पठ्ठ्या कुरडयांच्या मधोमध! सरपटत, अंगाला गव्हाचा चीक फासून, तोंड उघडझाप करत. मेला नव्हता. डोक पाण्याबाहेर बराच वेळ जगतो, हे आप्पा सांगायचे ते आठवलं.

त्याला पदरात धरून पळत टबात टाकला. हे तेवढ्यात पूजेवरनं उठले होते. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि समोर मी माशानं भरलेला पदर घेऊन. "सगळ्या कुरडया बाटल्या!" एवढंच म्हणाले. सगळ्या शेजारच्या गाईला घातल्या. तीन दिवसांचा भिजवलेला गहू गेला.

आता टबावर मोठी चाळण, चाळणीवर वरवंटा.

७ मे, मंगळवार

मतदान करून आलो. शाईचं बोट टबाजवळ नेलं तर मोठा वर आला, बोट हुंगलं आणि खाली गेला. मोठ्याला मी थोरला म्हणते, दुसरी बारकी.

भाकरीचा चुरा टाकते, तो तसाच तळाला बसतो. कणकेच्या गोळ्या केल्या. त्यांनाही तोंड लावलं नाही. असं कसं? आम्ही तर लहानपणी भाकरीच टाकायचो! दुपारी शाळेतनं आलं की विहिरीच्या पायऱ्यांवर बसायचं, आप्पा त्यांच्या भाकरीतला कोर मोडून हातात द्यायचे आणि मी वरनं चुरा सोडायची. खालनं पाणी नुसतं खळबळायचं. आप्पा म्हणायचे, राजेश्वरी, आपण जेवायच्या आधी त्यास्नी दे. मी द्यायची. ती पायरी अजून तशीच आहे, शनिवारी बघितली. त्या पायरीवर आता यारीचं डिझेल सांडलंय.

९ मे, गुरुवार

उमरग्याला जाऊन काचेची पेटी आणली. ह्यांना सांगितलं मैत्रिणीकडं चालले.

दुकानदार बिभीषण, केसांना रंग लावलेला, बोलायला गोड. म्हणाला, मॅडम, गोल्डफिश घ्या, घराला शोभा येते, ह्या डोकाला कोण पाळतंय, बाजारात किलोवर मिळतो. मी मोबाईलमधला फोटो दाखवला. त्यानं बोटानं मोठा करून बघितला आणि सांगितलं, "ह्यो मोठ्या डोक्याचा नर हाय, ती मादी." जोडी आहे म्हणजे! आनंद झाला. विहिरीत परत सोडल्यावर वंश तरी वाढेल.

नळाचं पाणी भरलं तसं टाकायचं नाही, त्यातलं औषध माशाला मारतं, दोन दिवस उघडं ठेवायचं, हे त्यानं बरं सांगितलं. खाद्याची डबीही दिली. घरी आल्यावर ह्यांनी आधी पेटी बघितली, मग मैत्रीण कशी आहे विचारलं, मग चष्मा लावून डबी वाचली. "माशाची पूड." डबी माझ्या हातात दिली आणि हात धुऊन आले.

बरोबरच आहे म्हणा. डबी परत पिशवीत घातली.

१० मे, शुक्रवार

बसव जयंती. पुरणपोळी. पुरणाचा इवलासा गोळा टाकून बघितला. कुणी वाचलं तर हसेल मला!

१३ मे, सोमवार

पेटीत दोघं शोभतात. तळाला विहिरीजवळची वाळू, एक फुटकं कौल. थोरला कौलाखाली बसतो आणि बारकी पेटीभर फिरते. पण खात नाहीत. पोटं आत गेली.

हे पेपरमागनं म्हणाले, "सोमवार धरला असंल त्यानं." स्वतः सोमवार करतात ना! मला राग आला. सोमवारच्या उपासाला हे साबुदाणा, भगर, केळं आणि वर दही खातात. तो बिचारा काय खातोय?

१४ मे, मंगळवार

आज पण नाही.

१६ मे, गुरुवार

बिभीषणला फोन केला. म्हणाला, ह्यांना जिवंत काहीतरी लागतं, गांडूळ, किडे, डासांच्या अळ्या. मी म्हटलं आमच्या घरात चालत नाही. तो म्हणाला, मग मासे चालत न्हाईत. फोन ठेवल्यावर रडू आलं.

माझी समजूत चुकली होती. विहिरीत भाकरी खायच्या त्या बारक्या खवल्या मासळ्या, आणि त्यांना खायचा डोक! मी इतकी वर्षं पुण्य म्हणून चुरा टाकत होते आणि खाली भलताच कारभार चालू होता.

मग बसल्या बसल्या बहात्तरचं साल आठवलं. मी दहा वर्षांची. विहीर तेव्हाही अशीच तळाला गेली होती. आप्पांनी सगळे मासे वर काढून रांजणात ठेवले होते, परसात, लिंबाच्या सावलीत. माणसांना प्यायला पाणी नव्हतं आणि हे माशांना घागर ओततात म्हणून भावकीतले लोक बोलायचे. आप्पा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. संध्याकाळी यायचे तेव्हा उपरण्याच्या एका टोकाला कामावर खायला मिळालेली सुकडी बांधलेली असायची, दुसऱ्या टोकाला मातीची ढेकळं. सुकडी आम्हा चार लेकरांना वाटायची. ढेकळं मात्र रांजणावर नेऊन झटकायचे. ते मला आज आठवलं. वारुळाची ढेकळं होती ती! त्यातली वाळवी पाण्यात पडायची!

आप्पा आमच्याबरोबर त्या वर्षी कधी जेवायला बसले नाहीत. आव्वा हाक मारायची तर म्हणायचे, "म्या कामावर खाऊन आलोय." आणि जाऊन रांजणाजवळ बसायचे. गालात तंबाखूचा बार, तोंड गच्च मिटलेलं. कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवायचे. मला लई राग यायचा. तिथं गरम गरम खाऊन येतात आणि आमच्या वाट्याला गार सुकडी! आव्वाला एकदा बोलूनही दाखवलं होतं. तिनं पाठीत धपाटा घातला, का ते कळलं नाही.

असो. मुद्दा वाळवीचा. ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, एक जीव वाचवायला दुसरा जीव द्यायचा, कुठला न्याय? मी म्हटलं, "आप्पा रोज दोन वेळा लिंगपूजा करायचे. त्यांच्यापेक्षा तुमचा धरम मोठा का?" आप्पांबद्दल ह्यांना फार वाटायचं, सख्ख्या मुलासारखं.

मग सेक्रेटरीसाहेबांनी अटी घातल्या. स्वयंपाकघरातनं न्यायचं नाही. देवघरासमोरून न्यायचं नाही. सोमवारी तर नाहीच. आणि मला दाखवायचं नाही.

मंजूर!

१७ मे, शुक्रवार

मोरीच्या मागं ओलाव्याला खुरप्यानं उकरलं. पहिलं गांडूळ हातात धरलं तेव्हा अंगावर काटा आला. शिव शिव म्हणत, माफी मागत मागच्या दारानं आणलं आणि डोळे मिटून पाण्यात सोडलं.

पाण्यात चटकन आवाज झाला. डोळे उघडले तर नव्हतंच! थोरला कौलाबाहेर, माझ्याकडं बघतोय. बारकी पण आली. चार वेळा उकरलं. मोरीमागची सगळी माती उलटीपालटी केली.

पोटभर खाल्लं लेकरांनी. मलाच जेवल्यासारखं वाटलं.

२४ मे, शुक्रवार

चांगलं चाललंय. पाय वाजला की दोघं काचेला येतात. गांडूळ, वाळवी, दिव्यावर आलेले किडे. मी बासष्ट वर्षांची बाई परसात वाकून किडे वेचते, आणि शेजारीण कुंपणावरनं विचारते, बाई काय हरवलं? मी म्हणते, कानातलं. रोज कानातलं हरवतं माझं.

"मला दाखवायचं नाही" म्हणणारे आज खुर्ची सरकवून पेटीजवळ बसले होते. मी आले तसा पेपर उघडला. उलटा होता.

६ जून, गुरुवार

केवढी फजिती!

आरोग्य खात्याची पाहणी होती, डासांची. आशाताई म्हणून आली कोण, तर करिश्मा. माझी विद्यार्थिनी, चौथीला माझ्या वर्गात होती. मी कौतुकानं चहा ठेवला. ती आपलं काम करत घराभोवती फिरली आणि परसातनं हाक आली. मी डासांच्या अळ्यांसाठी मुद्दाम बादली भरून ठेवली होती पेरूच्या झाडाखाली, वर पाला टाकून. अळ्या नुसत्या वळवळत होत्या, मस्त वाढलेल्या!

"बाई, तुम्हीच आम्हाला कोरडा दिवस पाळायला शिकवलं होतं." खरं सांगितलं. ती पेटीसमोर उभी राहिली, तिला हसू फुटलं. पण बादली ओतलीच तिनं, माझ्यासमोर, आणि दारावर खडूनं शेरा लिहून गेली. ह्यांनी तो शेरा पुसू दिला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

१४ जून, शुक्रवार

सोमेशचा फोन. विहिरीचं काम झालं, खाली चांगला झरा लागला, पावसाचं पाणीही वरनं झिरपतंय. मी लगेच म्हटलं, मग मासे आणते. तो म्हणाला, आक्का, एक मित्र चिलापी माशाचं बी फुकट देतोय, धरणातलं, लवकर वाढतंय, विकता येतंय. तेच सोडावं म्हणतो.

चिलापी! ती एकदा विहिरीत गेली की दुसऱ्या कुणाला जगू देत नाही. आप्पांची विहीर आहे ती, म्हटलं. तर म्हणतो, "आता त्या विहिरीचं पाणी पितंय कोण? आपण तर जार मागवतो." बोलून गेला आणि त्यालाच कसंतरी झालं असणार, कारण मग म्हणाला, बरं, पाणी निवळू दे, पाच जुलैला शुक्रवारी तुझी दोघं आण. तोवर थांबतो.

आप्पांच्या शेतावर जारचं पाणी. ह्यावर मी आज काही लिहीत नाही.

२३ जून, रविवार

दोघं भांडली! कधी नव्हे ते. थोरल्यानं बारकीला अंगाचा विळखाच घातला, कौलाखाली, सोडायला तयार नाही. बारकी उलटी झाली. मी काचेवर टकटक केलं, लाकडी उलथनं घालून बाजूला करायला गेले तर हे म्हणाले, त्यांचं त्यांना बघू दे, आपल्यात कोण पडतं मधी?

थोड्या वेळानं सुटली. जखम दिसत नाही. काय बिनसलं कुणास ठाऊक.

२५ जून, मंगळवार

थोरला खात नाही. नाकासमोर गांडूळ सोडलं, तोंड फिरवलं. ते बारकीनं पळवलं.

२७ जून, गुरुवार

आजही नाही. कौलाच्या कोपऱ्यात तोंड खाली करून बसलाय. पाय वाजला तरी काचेला येत नाही. आणि हनुवटीखालचा भाग सुजलाय. तोंड गच्च मिटलेलं, तंबाखूचा बार धरल्यासारखं. वर येऊन हवा घेतो तीही कशीबशी, ओठाच्या फटीतनं, आणि परत खाली.

त्याला काय होतंय? कुरडयांतनं वाचला, महिनाभर माझ्या हातचं खाल्लं, आणि आता घरी जायच्या तोंडावर असं.

३० जून, रविवार

बिभीषणला फोटो पाठवला. तोंडाचा रोग म्हणाला. जाळीनं धरायचा, ओल्या फडक्यात गुंडाळायचा, काडीनं तोंड उघडून आत निळं औषध लावायचं, नाहीतर दोन-चार दिवसांचा सोबती. औषध एसटीनं पाठवलंय.

तोवर चिमूटभर मीठ टाकलं. शेजारणीनं आज विचारलं कानातलं सापडलं का. मी घरात निघून आले.

१ जुलै, सोमवार

हे आज उपासाचा विनोद करतील म्हणून मी आधीच तोंड वाईट करून बसले होते. केला नाही. साबुदाणा पण अर्धाच खाल्ला. ताट सरकवून पेटीजवळ जाऊन बसले.

३ जुलै, बुधवार

औषध आलं. जाळी, फडकं, काडी, सगळं तयार केलं. थोरला आता नुसतं डोकं उरलाय, मागचं अंग वाळलंय. पण सूज तशीच. जाळी पाण्यात घातली तर पळालासुद्धा नाही, कोपऱ्यात अजून आत सरकला. बारकी मात्र जाळीवर धावून आली, दोनदा.

ह्यांनी माझं मनगट धरलं. ह्या वयात ह्यांनी माझा हात धरला तो माशापायी!

"पाण्यात काय टाकायचं ते टाक. पण त्याच्या तोंडाला हात लावू नको."

मी म्हटलं मरेल तो असाच. म्हणाले, "मेला तर त्याच्या मरणानं मरू दे. तुझ्या हातात मेला तर तू मला जन्मभर बोलशील, का अडवलं न्हाई म्हणून." मी चिडले, जाळी आपटली, तुम्हाला कधी जीव लावता आला का कशाला, असं वाट्टेल ते बोलले. पण ह्यांनी मनगट सोडलं नाही.

औषधाची बाटली तशीच ठेवली.

५ जुलै, शुक्रवार

सोमेश आला, स्वतःच, पाण्याचा ड्रम घेऊन. मी सांगितलं, थोरला प्रवासाला टिकणार नाही. तो म्हणाला, मग एकटी बारकी नेऊ का? एकटीला नेऊन काय करायचं? वंश तर तिथंच संपला.

पेटीसमोर बराच वेळ बसला. विहिरीत वर्षानुवर्षं होते हे मासे, पण इतक्या जवळनं कधी बघितले नव्हते म्हणाला. परांचा काठ बघून म्हणाला, आव्वाचं एक लुगडं होतं असं. होतं. माझ्या लक्षात आहे, त्याच्या लक्षात असेल असं वाटलं नव्हतं.

मग मी पाणी दिलं. त्यानं तांब्या तोंडाला लावायच्या आधी तिरका करून आत बघितलं आणि मगच प्याला. त्याला कळलंही नाही आपण काय केलं ते. मी मात्र बघत राहिले. आप्पा गेले तेव्हा हा विशीतला. कुणी शिकवलं नव्हतं ह्याला.

"चिलापीचं काय?" मी विचारलं.

"थांबतो, आक्का. ह्याचं काय ते होऊ दे."

रिकामा ड्रम घेऊन गेला.

६ जुलै, शनिवार

अजून आहे.

७ जुलै, रविवार

सकाळपासनं पेटीजवळच बसले. स्वयंपाक ह्यांनी केला, आमटीत मीठ विसरले. थोरला जागचा हलत नाही. कल्ले तेवढे सावकाश हलतात. आप्पा शेवटी असेच पडून होते, डोळे उघडे आणि तोंड मिटलेलं. चमच्यानं पाणी घालायला गेले की मान फिरवायचे आणि डोळ्यांनी मला सांगायचे, तू जेव जा.

तेव्हापण त्यांना दुसऱ्यांच्याच जेवणाची काळजी.

मी आज त्याला म्हटलं, बाबा, जायचं असलं तर जा. माझ्यासाठी राहू नको. विहीर काय, होती तेवढे दिवस होती.

८ जुलै, सोमवार

थोरल्यानं तोंड उघडलं. आतनं पिल्लं बाहेर आली!

जिरं-मोहरीएवढी, ढगासारखी, वळवळणारी. मी ओरडले तशी भ्याली आणि सगळी परत बापाच्या तोंडात शिरली. त्यानं तोंड अलगद मिटून घेतलं. भांडण नव्हतं ते. रोग पण नव्हता. इतके दिवस तोंडात लेकरं धरून बसला होता.

हे काचेला नाक लावून म्हणाले, "खाणार कसा? घास घेतला असता तर लेकरं पोटात गेली असती."

सोमेशला फोन लावला आणि ह्यांच्या हातात दिला. ह्यांनीच सांगितलं.

आप्पा, तुम्ही कामावर खाऊन येत नव्हता.